ग्रंथालयाचे संगणकीकरण : मुक्त प्रणाली की मालकीची?

सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांपुढे आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालय समित्यांपुढे गेली पंचवीस वर्षे एक विषय पुनःपुन्हा येत राहिला आहे. तो विषय म्हणजे संगणकीकरण. संगणक विकत घेण्याचा निर्णय त्यातल्या त्यात सोपा असतो. देणगीदार मिळतो, अनुदानातून तरतूद होते आणि खोके ग्रंथालयात येऊन पडते. खरा पेच त्यानंतर उभा राहतो. ग्रंथालयाचा सारा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा, ते कोणते घ्यावे? एकीकडे कंपनीचा प्रतिनिधी माहितीपत्रक आणि दरपत्रक घेऊन येतो. दुसरीकडे समितीतील एखादा तरुण सदस्य सांगतो की, 'कोहा' नावाची प्रणाली इंटरनेटवर विनामूल्य मिळते, मग पैसे कशाला घालवायचे? चर्चा किमतीभोवती फिरते आणि बहुधा किमतीवरच संपते.

वास्तविक सॉफ्टवेअरची किंमत हा या निर्णयातील फार लहान भाग आहे. ग्रंथालयाने अनेक दशके जपलेल्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, दहा वर्षांनी त्या दुसरीकडे नेता येतील की नाही आणि प्रणाली बंद पडली तर ती पुन्हा सुरू करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यातले मोठे प्रश्न आहेत. ते निवड करण्यापूर्वी विचारले गेले नाहीत, तर नंतर त्यांची उत्तरे महागात पडतात.

प्रणालीकडून अपेक्षा काय?

ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे केवळ पुस्तकांची यादी नव्हे. पुस्तक खरेदी झाल्यावर त्याची दाखल नोंद, त्याचे वर्गीकरण व तालिकीकरण, सभासदांची नोंद, वर्गणी आणि अनामत, रोजची देवघेव, विलंब शुल्क, नियतकालिकांची आवक, वार्षिक साठा पडताळणी, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन आणि वाचकाला स्वतः शोध घेता येईल अशी संगणकीय तालिका, एवढी सारी कामे तिने एकमेकांशी जोडून करायची असतात. पुस्तकाची नोंद एकदाच व्हावी आणि तीच सर्वत्र उपयोगी पडावी, हे तिचे मूळ तत्त्व.

महाराष्ट्रात याला एक वेगळा संदर्भ आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता व अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. अशा जुन्या संस्थांपाशी इतरत्र न सापडणारी पुस्तके आहेत, तर खेड्यातील 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात एकच कर्मचारी ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई या तिन्ही भूमिका निभावत असतो. या दोघांना एकच सल्ला लागू पडणार नाही, हे प्रथमच लक्षात घ्यायला हवे.

'मुक्त' आणि 'फुकट'

मालकीच्या प्रणालीत सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कंपनीपाशी राहते. ग्रंथालय विकत घेते तो केवळ वापराचा परवाना. किती संगणकांवर, किती काळ, कोणत्या सुविधांसह ती वापरायची, हे परवान्यात ठरलेले असते. ओपन सोर्स, अर्थात मुक्तस्रोत प्रणालीत मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. ती पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली दुसऱ्याला देण्याचा अधिकार परवान्यानेच मिळतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'जीएनयू' प्रकल्पातून या विचाराला कायदेशीर चौकट मिळाली. इंग्रजीतील 'फ्री' या एकाच शब्दातून स्वातंत्र्य आणि विनामूल्यता असे दोन अर्थ निघतात आणि घोटाळा होतो. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वतंत्र शब्द असल्याने तो टाळणे सोपे आहे.

फुकट असलेली प्रत्येक प्रणाली मुक्त असतेच असे नाही. युनेस्कोने तयार केलेली 'सीडीएस-आयसिस' ही प्रणाली १९८५ नंतर भारतातील असंख्य ग्रंथालयांत विनामूल्य पोहोचली. एका पिढीतील ग्रंथपाल संगणक शिकले ते तिच्यावरच. मात्र त्या काळात तिची मूळ आज्ञावली खुली नव्हती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' प्रणाली सरकारी ग्रंथालयांना परवाना शुल्काविना मिळते, तरी ती मुक्तस्रोत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राची 'सोल' ही प्रणाली महाविद्यालयांना बाजारभावाच्या मानाने स्वस्तात मिळते. तिची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये आली. तीही मुक्त नाही. म्हणजे निवड दोन पर्यायांतली दिसत असली, तरी प्रत्यक्षात ती किमान तीन पर्यायांतली आहे : खासगी कंपनीची, सरकारी अथवा निमसरकारी संस्थेची आणि मुक्तस्रोत.

न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयाची गोष्ट

मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणालीचा उगम मोठ्या विद्यापीठात झालेला नाही. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेस होरोव्हेनुआ नावाचा ग्रामीण जिल्हा आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडण्याची भीती होती, कारण त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरप्रमाणे तीही वर्षाचे केवळ शेवटचे दोन आकडे मोजत असे. बाजारातील नव्या प्रणाली न्यासाला परवडणाऱ्या नव्हत्या आणि त्यांना लागणाऱ्या वेगवान दूरसंचार जोडण्याही त्या भागात नव्हत्या. शेवटी 'कटिपो कम्युनिकेशन्स' या स्थानिक कंपनीकडून १९९९ मध्ये नवी प्रणाली लिहून घेण्यात आली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली. एकट्या ग्रंथालयाने ती आयुष्यभर सांभाळण्यापेक्षा ती सर्वांना खुली करावी, म्हणजे देखभालीचा भारही वाटला जाईल, असा व्यवहारी विचार न्यासाने केला. प्रणालीला नाव दिले 'कोहा'. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट असा आहे आणि त्या भेटीत परतफेडीची अपेक्षाही अभिप्रेत असते.

पुढे कोहा जगभर पसरली. भारतातही अनेक महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी ती स्वीकारली. हैदराबादमध्ये तयार झालेली 'न्यूजेनलिब' ही भारतीय प्रणालीही २००८ मध्ये मुक्तस्रोत झाली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या जाळ्यासाठी 'एव्हरग्रीन' ही प्रणाली लिहून घेतली व २००६ मध्ये ती कार्यान्वित केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही २०२२ मध्ये आपल्या नव्या व्यवस्थेसाठी 'फोलिओ' या मुक्तस्रोत प्रणालीची निवड केली. मुक्तस्रोत प्रणाली हौशी लोकांचे काम असते, हा समज त्यामुळे आता टिकणारा नाही.

तरीही मुक्त परवाना म्हणजे वादांपासून सुटका नव्हे. 'कोहा' याच नावावर न्यूझीलंडमध्ये व्यापारचिन्हाचा हक्क मिळवण्याचा प्रयत्न एका अमेरिकी कंपनीने केला आणि २०११ मध्ये अर्ज प्राथमिक टप्प्यावर स्वीकारला गेल्याने जगभरच्या ग्रंथालयांत खळबळ उडाली. होरोव्हेनुआच्या न्यासाने त्याला हरकत घेतली आणि अखेर तो अर्ज फेटाळला गेला. आज्ञावली कोणालाही बळकावता आली नसती, पण नाव मात्र भांडून राखावे लागले.

मालकीच्या प्रणालीची बाजू

मालकीची प्रणाली घेणारे ग्रंथालय अज्ञानापोटीच ती घेते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात तयार झालेली 'स्लिम' किंवा उत्तर भारतात तयार झालेली 'लिबसिस' या प्रणालींनी भारतीय ग्रंथालयांचे कामकाज जवळून पाहिले आहे. दाखल नोंदवही कशी छापून हवी, लेखापरीक्षकाला कोणता तक्ता दाखवायचा, अनामत परत करताना कोणती पावती लागते, या गोष्टी परदेशात घडलेल्या प्रणालीला आपोआप ठाऊक नसतात. काही अडले तर दूरध्वनी करण्यासाठी एक क्रमांक असतो आणि करारानुसार जाब विचारण्यासाठी एक कंपनी असते. ज्या ग्रंथपालाने लिनक्सचे नावही ऐकलेले नाही, त्याला हा आधार मोलाचा वाटतो आणि तो तसा असतोही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. परवान्याची रक्कम एकदाच भरावी लागते, पण वार्षिक देखभाल करार दरवर्षी करावा लागतो. तो न केल्यास नवी आवृत्ती मिळत नाही आणि संगणक बदलला की जुनी चालत नाही. शिवाय कंपनी ज्याच्याशी करार केला त्याचीच राहील, याची हमी नसते. जागतिक बाजारात याचे ठळक उदाहरण आहे. 'एक्स लिब्रिस' ही मोठी कंपनी २०१५ मध्ये 'प्रोक्वेस्ट'ने घेतली. तिने २०२० मध्ये 'इनोव्हेटिव्ह इंटरफेसेस' ही प्रतिस्पर्धी कंपनी आपल्यात सामावून घेतली आणि २०२१ च्या अखेरीस प्रोक्वेस्टच 'क्लॅरिव्हेट'च्या मालकीची झाली. सहा वर्षांत एवढी स्थित्यंतरे झाली आणि यांपैकी एकाही व्यवहारात ग्रंथालयांची संमती विचारली जाण्याचे कारण नव्हते. लहान कंपनी विकली जात नाही, ती कधी कधी सरळ बंद पडते.

विनामूल्य प्रणालीचा खर्च

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण सॉफ्टवेअरला लागू करणे धोक्याचे आहे. कोहा लिनक्सवर चालते. तिला सर्व्हर लागतो, तो अहोरात्र चालू राहील अशी वीज लागते आणि त्याकडे लक्ष देणारा जाणकार माणूस लागतो. कोहाची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते. जुन्या आवृत्तीची डागडुजी काही काळाने थांबते. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने किंवा प्राध्यापकाने प्रणाली बसवून दिली, नंतर तो निघून गेला आणि पुढे अनेक वर्षे कोणी तिला हात लावला नाही, असे झाले की तिचे दोष तसेच राहतात आणि इंटरनेटवर उघडी असलेली तालिका हल्लेखोरांच्या तावडीत सापडू शकते.

यावर उपाय आहे. मुक्तस्रोत प्रणाली बसवून देणाऱ्या व सांभाळणाऱ्या सेवासंस्था भारतातही आहेत. त्या शुल्क आकारतात, मात्र ते सेवेचे असते, परवान्याचे नसते. येथे मूलभूत फरक पडतो. सेवा असमाधानकारक वाटली, तर तीच प्रणाली आणि त्याच नोंदी ठेवून दुसऱ्या संस्थेकडे जाता येते. मालकीच्या प्रणालीत सेवा बदलायची तर प्रणालीही बदलावी लागते.

म्हणून तुलना करायची तर ती दहा वर्षांच्या हिशेबावर करावी. परवाना, वार्षिक देखभाल, सर्व्हर किंवा त्याचे भाडे, प्रशिक्षण, नोंदी भरण्याची मजुरी आणि शेवटी प्रणाली सोडून जाण्याचा खर्च, अशी सहा कलमे दोन्ही बाजूंना मांडावीत. यांत सर्वांत जड कलम कोणते, हे साध्या गणिताने कळते. समजा, ग्रंथालयात ३० हजार पुस्तके आहेत आणि एक कर्मचारी पुस्तक हाती घेऊन दिवसाला ६० नोंदी काळजीपूर्वक करतो. हे काम संपायला कामाचे ५०० दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे लागतील. सॉफ्टवेअर कोणतेही असो, खरी गुंतवणूक या नोंदींतच असते. संगणक बदलेल, प्रणाली बदलेल, पण या नोंदी पुन्हा करण्याची वेळ कोणत्याही ग्रंथालयावर येऊ नये.

नोंदी बाहेर काढता येतील का?

तालिकेच्या नोंदींसाठी 'मार्क-२१' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, विषय यांना ठरावीक क्रमांकांची घरे असतात. उदाहरणार्थ, मुख्य लेखकाचे नाव १०० व्या घरात आणि ग्रंथनाम २४५ व्या घरात जाते. या मानकानुसार ठेवलेली नोंद एका प्रणालीतून काढून दुसरीत भरता येते. अन्य ग्रंथालयाची तयार नोंद 'झेड ३९.५०' या व्यवस्थेद्वारे उतरवूनही घेता येते, त्यामुळे श्रम वाचतात.

बहुतेक प्रणालींच्या माहितीपत्रकात 'मार्कशी सुसंगत' हे शब्द असतात, पण त्यांवर विसंबून राहू नये. केवळ ग्रंथनाम आणि लेखक बाहेर येतात, दाखल क्रमांक, प्रतींची संख्या, किंमत, सभासदांची अनामत आणि कोणते पुस्तक कोणाकडे आहे हा तपशील आतच राहतो, असे घडू शकते. देवघेवीचा तपशील मार्कमध्ये बसतच नाही, त्यामुळे तो वेगळ्या स्वरूपात मिळेल का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. याची परीक्षा सोपी आहे. खरेदीपूर्वी शंभर नोंदी त्या प्रणालीत भरून घ्याव्यात, बाहेर काढून दाखवण्यास सांगावे आणि त्या दुसऱ्या एखाद्या प्रणालीत भरून पाहाव्यात. या परीक्षेला विक्रेता नकार देत असेल, तर तोच निर्णयाला पुरेसा आधार समजावा.

मराठीची कसोटी

इंग्रजी पुस्तकांसाठी उत्तम चाललेली प्रणाली मराठी पुस्तकांपाशी अडखळते, हा अनेक ग्रंथपालांच्या परिचयाचा भाग आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भरलेल्या मराठी नोंदी वेगवेगळ्या फाँटच्या खासगी संकेतांत आहेत. तो फाँट नसेल तर त्या अक्षरांचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होते. अशा नोंदी युनिकोडमध्ये आणताना रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हटकून घोटाळा करतात, म्हणून रूपांतरानंतर माणसाने तपासणी करणे अटळ असते.

युनिकोडमध्येही सारे सुरळीत होत नाही. 'दऱ्या'मधील 'ऱ्य' दोन-तीन प्रकारे टंकित करता येतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. त्यापूर्वी ते 'अ'वर चंद्र देऊन किंवा हिंदीतील 'ऍ' वापरून लिहिले जाई. डोळ्यांना सारखे दिसणारे हे पर्याय संगणकाला वेगळे वाटतात आणि पुस्तक कपाटात असूनही शोधात 'नाही' असे उत्तर येते. अकारविल्हेचेही तेच. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' शेवटी येतात. केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या यादीत मात्र 'ळ' हा 'ल'शेजारी आणि 'क्ष' हा 'क'मध्ये जाऊन बसतो. कोहात देवनागरीचा शोध नीट चालावा यासाठी शोधयंत्रणेत बहुभाषिक अनुक्रमणीची जुळणी मुद्दाम करून घ्यावी लागते. ती न केल्यास दोष प्रणालीचा ठरतो, वास्तविक तो बसवणाऱ्याचा असतो.

याखेरीज नावांचा प्रश्न आहे. वाचक 'कुसुमाग्रज' शोधील किंवा 'शिरवाडकर' शोधील. दोन्ही वाटा एकाच लेखकापाशी पोहोचल्या पाहिजेत. त्यासाठी लेखकनामांची प्रमाण यादी ठेवण्याची सोय प्रणालीत हवी आणि ती वापरण्याची शिस्त ग्रंथालयात हवी. प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेत्याने आणलेली इंग्रजी उदाहरणे न पाहता आपल्याच कपाटातील पंचवीस मराठी पुस्तके त्याच्यापुढे ठेवावीत.

कोणी काय निवडावे?

एक कर्मचारी आणि दोन-तीन हजार पुस्तके असलेल्या ग्रंथालयाने स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला दुसऱ्याने चालवलेली, इंटरनेटवरून वापरता येणारी साधी प्रणाली पुरते. ती मिळेपर्यंत युनिकोडमध्ये व्यवस्थित स्तंभ पाडून भरलेला तक्ताही वाया जात नाही, पुढे तोच नव्या प्रणालीत भरता येतो. सरकारी ग्रंथालयांनी ई-ग्रंथालयाचा आणि महाविद्यालयांनी सोलचा विचार जरूर करावा, मात्र बाहेर पडण्याची वाट आधी तपासावी. संगणक विभाग असलेल्या विद्यापीठांना व मोठ्या महाविद्यालयांना कोहा झेपते आणि तिच्यात भर घालण्याची क्षमताही त्यांच्यापाशी असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या, समृद्ध पण मनुष्यबळ तोकडे असलेल्या ग्रंथालयांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. त्यांनी मुक्तस्रोत प्रणाली सेवासंस्थेमार्फत चालवावी किंवा आपल्या गरजा ओळखणाऱ्या भारतीय कंपनीशी काटेकोर करार करावा.

जॉर्जियाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे शेकडो ग्रंथालये एकाच प्रणालीवर, एकाच तालिकेत काम करतात. एका जिल्ह्यातील वीस-पंचवीस ग्रंथालयांनी एकत्र येऊन एक प्रणाली चालवली, तर सर्व्हरचा आणि जाणकाराचा खर्च प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येईल आणि शेजारच्या गावात कोणते पुस्तक आहे, हेही वाचकाला कळेल. परवान्यांची संख्या मोजावी लागत नसल्याने मुक्तस्रोत प्रणाली अशा सहकारी व्यवस्थेला अधिक सोयीची. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानेही सरकारी यंत्रणांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्यास सांगितले आहे. सहकाराची परंपरा असलेल्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये.

करारापूर्वीचे प्रश्न

प्रणाली कोणतीही असो, पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. सर्व नोंदी ग्रंथालयाच्या मालकीच्या आहेत, असे करारात नमूद आहे काय?

२. करार संपल्यावर पुस्तके, सभासद आणि देवघेव यांचा संपूर्ण तपशील किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या शुल्काने मिळेल?

३. नोंदींची प्रत दररोज घेतली जाते का, ती दुसऱ्या ठिकाणी ठेवली जाते का, आणि त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करून दाखवली आहे का?

४. शोध आणि अकारविल्हे मराठीत नीट चालतात, हे आपल्या पुस्तकांवर दाखवले आहे का?

५. सभासद काय वाचतात, ही माहिती कोणाला पाहता येते? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यापासून हा प्रश्न केवळ सौजन्याचा उरलेला नाही.

६. प्रणाली समजणारी किमान दोन माणसे ग्रंथालयात असतील का?

तिसरा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी सायबर हल्ला केला. तिची ऑनलाइन तालिका पुन्हा शोधता येऊ लागली ती जानेवारी २०२४ मध्ये, आणि तीही मर्यादित स्वरूपात. जगातील अग्रगण्य ग्रंथालयाला जे सोसावे लागले, ते तालुक्याच्या ग्रंथालयाला टळेल असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली ताजी प्रत हाच त्यावरचा भरवशाचा आणि स्वस्त उपाय आहे.

ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील पाचवे सूत्र सांगते. वाढणारी संस्था आज ना उद्या आपली प्रणाली बदलणारच. मुक्त असो वा मालकीची, जी प्रणाली सोडून जाताना एकही दाखल क्रमांक मागे ठेवावा लागणार नाही, तीच निवडावी. आणि तिच्यावर पहिली नोंद करण्याआधी जुनी दाखल नोंदवही कोरड्या जागी, नीट बांधून ठेवावी. प्रणाली फसली तर पुन्हा सुरुवात तिच्यापासूनच करावी लागेल.